चार मिनिटं

मोटार जिथे थांबते तिथून चार मैल चालायचं.
पत्र्याच्या पेटीत सुटे पैसे टाकले,
ट्रायपॉड खांद्यावर घेतला.
वाट काळ्या दलदलीतून जाते,
बाजूला एकामागून एक तळी, वाऱ्यानं शहारलेली.
शेवटच्या टेकाडावर समुद्र आधी ऐकू येतो,
मग दिसतो,

आणि डावीकडे, किनारा संपतो तिथे,
कड्यापासून फारकत घेतलेला सुळका:
दोनशे फूट, सडाफटिंग,
पायाशी फेस, खांद्यावर पक्ष्यांची शिट.
इथल्या जुन्या भाषेत त्याचं नाव गुराखी.
गुरं कुठे दिसत नाहीत.

मला किनारा रिकामा हवा होता.
त्यासाठी पहाटे उठले, त्यासाठी ऑक्टोबर निवडला,
त्यासाठीच भिंगावर ही काळी काच.
चार मिनिटं झडप उघडी ठेवायची.
लाटांचं धुकं होतं, ढगांचे फराटे,
हलणारं सगळं विरून जातं.

दुसऱ्या मिनिटाला वाळूच्या टेकडीआडून एक बाई आली,
कोटाला कमरेशी निळी दोरी, पुढे कुत्रा,
सरळ माझ्या चित्राच्या मधून.
बाजूला व्हा म्हणून मी हात केला.
तिनंही हात केला.

मर्डीना. सत्तरीच्या पुढची.
तिची एक मेंढी परवापासून बेपत्ता.
"डाव्या कुल्ह्यावर लाल रंग. दिसली का?"
नाही म्हटलं.
माझ्या थर्मासमधला चहा घेतला तिनं,
साखर नाही म्हणून तोंड वाकडं केलं,
तरी पेला रिकामा केला.

मग मी तिला फोटो दाखवला.
सुळका काळाकुळकुळीत, रेघन् रेघ.
समुद्राचं दूध. वाळूचा आरसा.
"आणि मी?"
मोठं करून शोधलं आम्ही दोघींनी.
ती नव्हती. मॉस नव्हता.
अगदी नीट पाहिलं तेव्हा पावलं दिसली,
फिकट, एका रांगेत,
कुणाचीच नसलेली.

तिनं हनुवटीनंच टेकडीकडे दाखवलं.
तिथे दगडांच्या दोन-तीन ओळी होत्या,
येताना त्यांच्यावर बसून मी मोजे बदलले होते.
"ती आमची चूल. पणजोबांच्या आजोबांची.
मालकाला मेंढ्या पाळायच्या होत्या,
माणसं फार जागा खातात.
मे महिन्यात छपरं काढली.
अर्धे जहाजावर गेले, अर्धे पलीकडच्या खडकाळ पट्टीवर,
मी अजून तिथेच आहे.
आता तुम्ही लोक येता, म्हणता,
काय सुंदर, चिटपाखरू नाही."

मला काही बोलायला सुचेना. ट्रायपॉडचा पाय वाळूत रुतत होता,
तो उपसत बसले.

"आणि मला बघ," ती म्हणाली,
"मेंढीच शोधत फिरतेय."
यावर ती हसली, खोकला लागेपर्यंत.

काळी काच काढली मी.
उभ्या राहा म्हटलं, क्षणभर.
तिनं केस टोपीत खोचले, मग पुन्हा बाहेर काढले.
मॉसला बस म्हणाली. तो बसला नाही.

फोटो वाईट आलाय.
क्षितिज कललेलं, गुराख्याचं डोकं कापलं गेलंय,
मॉसचं शेपूट म्हणजे नुसता पुसट डाग,
मर्डीनाचे डोळे मिटलेले.
मागची लाट मात्र लाटच आहे,
फुटता फुटता पकडलेली, गढूळ, वेडीवाकडी.

पत्ता लिहून दिला तिनं. घराला नंबर नाही.
"पोस्टमनला ठाऊक आहे."

भरती चढायला लागली तशी मी निघाले.
तिसऱ्या तळ्यापाशी पडक्या बांधाच्या आडोशाला
एक मेंढी रवंथ करत बसली होती.
डाव्या कुल्ह्यावर लाल.
माझ्याकडे पाहिलं तिनं, जणू मीच हरवलेय.

कॅमेरा पिशवीतच राहिला.
आलेली दोन मैल वाट उलटी धरली,
धावत, दलदलीत घोट्यापर्यंत,
मर्डीना, मर्डीना,
आणि वारा समोरून.